जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप: नवं कोटेशन मंजूर करण्याआधी

पुणे, १४ जुलै

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य

विषय: वायरलेस स्विच व टाकीचा कंट्रोलर बदलण्याच्या प्रस्तावाबाबत

मा. अध्यक्षसाहेब,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती त्या रात्री मी जिन्याने वर येत होते. पाचव्या मजल्याच्या अलीकडच्या लँडिंगवर मिट्ट काळोख होता आणि त्या काळोखात आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी पायरीवर बसलेल्या होत्या. भाजीची पिशवी मांडीवर, एक हात कठड्याला. "पायरी दिसेना गं, म्हणून बसले. कुणी येईल म्हटलं," एवढंच त्या म्हणाल्या. किती वेळ बसल्या होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. त्या लँडिंगवर पूर्वी एक साधं बटण होतं. वायरलेस स्विच बसवताना ते काढलं आणि तिथे कोरी प्लेट लावली.

हे पत्र तक्रारीचं नाही. दिवाळीच्या सुमारास ही सिस्टीम बसवायचं ठरलं तेव्हा मी सभेत हात वर केला होता आणि आजही ती काढून टाकावी असं माझं म्हणणं नाही. पण आता ठेकेदाराने "मॉड्यूल (दिवा चालू-बंद करणाऱ्या वायरलेस स्विचच्या डब्या) खराब निघाले, दोन्ही विंगचे सगळे बदलावे लागतील" असं सांगून नवं कोटेशन दिलं आहे आणि समिती ते मंजूर करणार असं कळतं. माझी कळकळीची विनंती आहे की एवढ्यात सही करू नये. नक्की काय बिघडलं आहे हे कुणी तपासलेलंच नाही.

मी सत्तावीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवला. सचिवसाहेबांची परवानगी घेऊन, रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना सोबतीला घेऊन मी बी विंगची नऊ रात्री तपासणी केली. जे दिसलं ते खाली लिहिते.

सगळ्यात आधी धोक्याचं. तिसऱ्या मजल्यावरचा दिवा बंद केला तरी रात्रभर काजव्यासारखा मिणमिणत असतो हे तुम्हीही पाहिलं असेल. दिवा बंद असताना होल्डरला टेस्टर लावला तर तो पेटला. नुसत्या टेस्टरवर मी विसंबले नाही, कारण शेजारून जाणाऱ्या वायरीमुळेही टेस्टर पेटतो आणि मल्टिमीटरवर साठ-सत्तर व्होल्ट दिसतात, ते फसवे असतात. म्हणून पॅनेलमधून न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, घेऊन टेस्ट लॅम्प लावला. तो पूर्ण उजेडात पेटला. म्हणजे वायरमनने फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रल मॉड्यूलमधून फिरवला आहे. स्विच बंद, दिवा बंद, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट कायम. आपले वॉचमनकाका याच होल्डरमधला बल्ब ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढून बदलतात. त्या रात्री मी त्या लाइनचा एमसीबी (पॅनेलमधला वीज तोडणारा खटका) पाडून त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि सचिवसाहेबांना फोन केला. ती लाइन सुधारून, माझ्यासमोर किंवा कुणाही जाणकारासमोर तपासून मगच चालू करावी. बाकीच्या मजल्यांचीही जोडणी अशीच उघडून बघायला हवी. मी फक्त चार होल्डर तपासू शकले, त्यात हा एक निघाला.

आता दिवे न लागण्याबद्दल. ठेकेदाराचा माणूस येतो, मोबाईलवर बटण दाबतो, ॲपमध्ये हिरवं दिसलं की "चालू आहे" म्हणून निघून जातो. ॲपमधलं हिरवं म्हणजे दिवा लागला असं नसतं. मी वॉचमनकाकांना मजल्यावर उभं केलं आणि खालून एकेका दिव्याला पन्नास वेळा चालू-बंदचा हुकूम दिला. प्रत्येक वेळी त्यांनी दोन गोष्टी सांगायच्या: आत रिलेचा (मॉड्यूलमधल्या, वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) "टिक" आवाज आला का, आणि दिवा बदलला का. या दोन उत्तरांतच निम्मं निदान होतं. टिक आलाच नाही, तर सिग्नल पोचत नाही किंवा मॉड्यूल मेला आहे. टिक आला आणि दिवा तसाच राहिला, तर बिघाड पुढे आहे.

पहिल्या तीन मजल्यांवर एकही हुकूम चुकला नाही. पाचव्यावर दुपारी पन्नासपैकी दोन चुकले. त्याच दिव्यावर रात्री नऊ वाजता एकोणीस चुकले, आणि त्या एकोणिसांत एकदाही टिक आला नाही. मॉड्यूल खराब असता तर दुपारीही तेवढाच चुकला असता. आपला राउटर तळमजल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये आहे आणि हे मॉड्यूल फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. रात्री नऊला घरोघरी टीव्ही आणि मोबाईल चालू असतात. पाचव्या मजल्यावर उभं राहून मोबाईलवर बघितलं तर तेवीस वायफाय दिसले, त्यातले बरेचसे ६ वर, आणि आपला राउटरही ६ वरच. त्यात मध्ये पाच स्लॅब, प्रत्येकात सळ्यांची जाळी.

आणखी एक गोष्ट हाताशी आली ती मला फार महत्त्वाची वाटते. मॉड्यूल बसवले आहेत जुन्या लोखंडी बॉक्समध्ये, वरून मॉड्युलर प्लेट. सिग्नल उणे आकड्यांत मोजतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ७० पर्यंत काम निभतं, उणे ८० च्या खाली भरवसा नाही. पाचव्या मजल्याचा मॉड्यूल बॉक्समध्ये असताना स्वतःचा सिग्नल उणे ८४ दाखवत होता. मेन बंद करून मी प्लेट काढली, मॉड्यूल त्याच वायरींवर चार बोटं बाहेर ओढला, इन्सुलेशन टेप गुंडाळला, वॉचमनकाकांना लांब उभं केलं आणि मेन चालू केला. आकडा उणे ७२ वर आला. भिंत तीच, राउटर तोच, रात्रीचे नऊच. फक्त लोखंडाच्या डबीतून बाहेर काढला. पुन्हा पन्नास हुकूम दिले, तीन चुकले.

तेव्हा नवे मॉड्यूल आणून त्याच लोखंडी बॉक्समध्ये बसवले तर आजींच्या मजल्यावरचा काळोख तसाच राहील. त्यापेक्षा तिसऱ्या आणि सहाव्या मजल्यावर लॅनच्या वायरीने जोडलेला एकेक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) लावावा, चॅनेल "ऑटो"वर न ठेवता मोकळा बघून कायमचा ठरवावा आणि पाचव्यापासून वरचे बॉक्स पीव्हीसीचे करावेत. हा खर्च कोटेशनच्या मानाने फार थोडा आहे.

पार्किंगचं दुखणं मात्र वेगळं आहे. तिथे टिक स्पष्ट येतो पण ट्यूब विझत नाहीत. एका रिलेवर चोवीस एलईडी ट्यूब टाकल्या आहेत. हिशेबाने २० वॅटच्या चोवीस म्हणजे ४८० वॅट, दोन ॲम्पिअरच्या आसपास, आणि रिले १० ॲम्पिअरचा. कागदावर सगळं ठीक. पण एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना पहिल्या क्षणी याच्या अनेक पट करंट ओढतात. रोजच्या त्या ठिणगीने रिलेचे कॉन्टॅक्ट आतल्या आत चिकटतात. हा एक मॉड्यूल खरोखर गेला आहे, तो बदलावा लागेल. बदलताना मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट पेलणारा मोठा रिले, घालावा, नाहीतर पुढच्या दिवाळीपर्यंत नवाही चिकटेल.

लाइट जाऊन आल्यावर काही मजल्यांचे दिवे दुपारपर्यंत जळत राहतात, त्याचंही कारण सापडलं. या मॉड्यूलमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. किती वाजले ते त्यांना इंटरनेटवरून कळतं. लाइट आली, पण नेट यायला उशीर झाला की मॉड्यूलला वेळच कळत नाही आणि टायमर चालत नाही. मी मुद्दाम नेटची वायर काढून मेन पाडून चालू करून पाहिला. दोन मजल्यांचे दिवे सकाळी आपोआप विझले नाहीत. राउटर आणि नेटच्या डबीला छोटा यूपीएस द्यावा. आणि लाइट आल्यावर जिन्यातला दिवा "चालू" स्थितीतच यावा अशी सेटिंग सगळ्या मजल्यांवर करावी. दुपारी जळलेला दिवा परवडतो.

आता पंपाकडे येते. या पत्रात सगळ्यात कळीचं हेच आहे.

जूनमध्ये गच्चीवरची टाकी तीन वेळा वाहिली. तिन्ही वेळा पहाटे. तिन्ही वेळा ठेकेदाराचा माणूस अकराच्या पुढे आला, त्याने बघितलं, सगळं व्यवस्थित चालत होतं. मी दोन दिवस पहाटे साडेपाचला गच्चीवर गेले. पाण्याची पातळी सांगणारा सेन्सरचा डबा दोन प्लास्टिकच्या टाक्यांच्या मधल्या फटीत, मागच्या बाजूला बांधला आहे. त्याचा संदेश घेणारा वायफायचा डबा लिफ्ट रूमच्या भिंतीवर, टाक्यांच्या पलीकडे. टाक्या रिकाम्या असताना सिग्नल उणे ६६ होता. पंप चालू झाला, पाणी चढत गेलं, आणि मी दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत गेले: ६८, ७३, ७९. टाकी काठोकाठ आली तेव्हा उणे ८७, आणि पुढच्या मिनिटाला संपर्कच तुटला. प्लास्टिक हा सिग्नल अडवत नाही, पाणी अडवतं. म्हणजे "टाकी भरली" हा निरोप ज्या क्षणी जायला हवा, त्याच क्षणी वाटेत भरलेली टाकी उभी असते. अकरा वाजेपर्यंत घरोघरची धुणीभांडी, आंघोळी उरकून टाकी निम्मी होते आणि सगळं पुन्हा सुरळीत दिसतं.

याहून वाईट म्हणजे, संपर्क तुटल्यावर पंप रूममधला रिसीव्हर, म्हणजे निरोप घेऊन पंप चालू-बंद करणारा डबा, शेवटचा हुकूम धरून बसतो. दुसऱ्या दिवशी मी पंप चालू असताना सेन्सरची वीज काढली आणि खाली घड्याळ लावून उभी राहिले. वीस मिनिटं झाली तरी पंप चालूच. शेवटी मी हाताने बंद केला. तळाची टाकी त्या वेळी रिकामी असती तर मोटर कोरडी चालून जळली असती. संपर्क तुटल्यास पंप थांबवण्याची सेटिंग त्या रिसीव्हरमध्ये आहे, माहितीपत्रकात ती छापलेली आहे. बसवताना ती चालू केलीच नाही.

सेन्सरचा डबा लिफ्ट रूमच्या समोर येईल असा हलवावा. त्याची वायर सध्या वरून आत जाते, पावसाचं पाणी थेट डब्यात उतरतं आणि आतल्या स्क्रूंवर गंज धरला आहे. वायर खालून घ्यावी, आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा. ती सेटिंग आजच चालू करावी. आणि एवढं करूनही पंप केवळ वायरलेसच्या भरवशावर सोडू नये. गच्चीच्या टाकीत एक साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीप्रमाणे चालू-बंद होणारा) आणि तळाच्या टाकीत दुसरा, दोन्हींची वायर डक्टमधून थेट पंपाच्या स्टार्टरपर्यंत आणून कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये घालावी. वर पाणी काठाला आलं किंवा खाली तळ लागला की मोबाईल, नेट, सिग्नल यांपैकी काही असो वा नसो, पंप थांबलाच पाहिजे. रोज पाणी चढलं किती नि वाहिलं किती हे आपण बघतो, आणि याच शहरात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आपण सगळे बादल्या घेऊन उभे राहिलो आहोत.

एक बाब कागदपत्रांची. या सगळ्या सिस्टीमचं मुख्य खातं सोसायटीच्या नावावर नाही. ज्या मुलाने ते बसवलं त्याच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर आहे, ओटीपी त्यालाच जातो, आणि तो मुलगा आता तिथे नोकरीला नाही. आपल्या जिन्याचा दिवा लावायचा की नाही हे एका परक्या माणसाच्या फोनवर अवलंबून आहे. खातं सोसायटीच्या फोनवर आणि ईमेलवर घ्यावं, राउटरचा पासवर्ड बदलावा (तो अजून राउटरच्या पाठीवर छापलेलाच आहे) आणि ठेकेदाराचं उरलेलं बिल त्यानंतरच द्यावं.

लँडिंगवरची बटणं परत बसवावीत. मॉड्यूलला समांतर, साधी, हाताने दाबायची. आजींना ॲप येत नाही आणि त्यांनी ते शिकावं अशी अपेक्षा आपण ठेवू नये.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे. तोपर्यंत ही दुरुस्ती करून बघावी आणि वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवावी: तारीख, वेळ, मजला, टिक आला का, दिवा लागला का. वॉचमनकाकांनी नऊ रात्रींत हे इतकं नेमकं केलं की शेवटच्या दोन रात्री मला काही सांगावंच लागलं नाही. सहा आठवड्यांची वही समोर असली की सभेत कोणता मॉड्यूल बदलायचा आणि कोणता नाही, यावर कुणाला अंदाजाने बोलावं लागणार नाही. ए विंगची तपासणीही करायला मी तयार आहे, फक्त मेन बंद करताना समितीपैकी कुणीतरी हजर असावं.

फ्लोट स्विच बसेपर्यंत पंप ऑटोवर ठेवू नये, हाताने चालू-बंद करावा, अशी लेखी सूचना वॉचमनना आजच द्यावी. पहाटेच्या पाळीच्या काकांना मी तोंडी सांगितलं आहे, पण त्यांना समितीचा कागद हवा आहे आणि त्यांचं बरोबर आहे.

रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच आहे. वायरमनला घेऊन आलात तर तिसऱ्या मजल्याची जोडणी लगेच उघडून दाखवते.

आपली विश्वासू,
बी विंग, सहावा मजला

सोबत: नऊ रात्रींच्या नोंदींची अकरा पानं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या होल्डरचे दोन फोटो