खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मनाकडेही पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

न्हाणीघरात पाय घसरून म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडले, तर त्यावर शस्त्रक्रियेची सोय नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स आणि अनेक खासगी रुग्णालयांत आहे. एक्स-रे चांगला आला की घरचे निश्चिंत होतात. तरीही बरेच वृद्ध पुन्हा पूर्वीसारखे चालू लागत नाहीत, आणि त्याचे कारण दर वेळी हाडात सापडत नाही.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी शक्यतो रुग्णाला उभे करावे, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे, कारण पडून राहिल्याने स्नायू झिजतात, पाठीला जखमा होतात, न्यूमोनियाचा धोका वाढतो. पण पुन्हा पडण्याची धास्ती बसलेली असते, आणि घरची मंडळी मायेपोटी ‘आई, तुम्ही उठू नका, आम्ही आहोत ना’ म्हणत ती धास्ती पक्की करतात. त्यातून, सुनेला सारखे संडासाला न्यायला कसे सांगायचे, या संकोचाने कित्येक आजी पाणीच कमी पितात. हे फाइलमध्ये कुठेही लिहिलेले नसते. मात्र त्यातूनच मूत्रमार्गाचा संसर्ग आणि भ्रम उद्भवू शकतो. शस्त्रक्रियेनंतर काही वृद्ध रात्री असंबद्ध बोलतात, तेव्हा घरात ‘वेड लागले’ इथपासून ‘बाहेरचे आहे’ इथपर्यंत तर्क लढवले जातात. वास्तविक तो बहुधा तात्पुरता भ्रम असतो. त्याची कारणे डॉक्टरांनी तातडीने शोधायची असतात, आणि चष्मा, श्रवणयंत्र व ओळखीचा आवाज जवळ असला तर रुग्णाला आधार मिळतो.

उदासीनतेकडे तर ‘वयच झाले’ म्हणून दुर्लक्ष होते. ती ओळखण्यासाठी १५ साध्या प्रश्नांची वृद्धांसाठीची चाचणी अनेक वर्षांपासून वापरात आहे आणि तिला काही मिनिटेच लागतात. सुटी देण्यापूर्वी ती घ्यावी, फिजिओथेरपिस्टने व्यायाम रुग्णासोबत घरच्यांनाही शिकवावेत आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ व ज्येष्ठांसाठीच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे क्रमांक डिस्चार्ज कार्डावर छापावेत, अशी रुग्णालयांना विनंती आहे.

मुले पुण्या-बंगळुरूला आणि घरी दोघेच म्हातारे, अशी घरे प्रतापनगर, खामल्यात थोडी नाहीत. तेथे वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने सुरुवातीचे काही आठवडे सोबतीला माणूस पाठवला, तर वॉकर घेऊन फाटकापर्यंत जायला हिंमत येईल. मंडळांच्या मासिक बैठकांत हा विषय घ्यावा.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, नागपूर