आजोबा भाडोत्री नव्हते, खोताचे देणेकरी होते

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी एका वाचकाने लिहिलंय की दुसऱ्या महायुद्धात गेलेले आपले जवान म्हणजे इंग्रजांचे भाडोत्री शिपाई. वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय, पत्र लांबलं तर प्लीज कापू नका.

माझे आजोबा माणगाव तालुक्यातले. १९३९ ला मराठा पलटणीत भरती झाले तेव्हा धड मिसरूड फुटलं नव्हतं, वय वाढवून सांगितलं. घरात सात तोंडं, जमीन खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची, भात झोडलं की पहिला वाटा त्याचा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ ला खोती रद्द करायचं बिल मांडलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर (तेव्हाच्या विधिमंडळावर) गेला, पण कायदा यायला १९४९ उजाडलं. तोवर चूल कशावर पेटवायची? आजोबांच्या मनिऑर्डरवर पेटली. अख्ख्या देशातून २५ लाखांवर माणसं गेली, त्यातल्या किती जणांच्या मागे असाच कुणीतरी खोत किंवा सावकार असेल!

लढाईवर जाताना बोटीत बिचारे घाटावरचे पोरगे उलट्या करून आडवे, आणि आजोबा खाडीकाठचे, लहानपणापासून होडीत, म्हणून ते त्या पोरांच्या वाटणीची पण भाकरी खायचे, हे सांगताना म्हातारपणीसुद्धा हसू आवरायचं नाही. रात्री डेकवर बिडी पेटवायला बंदी, पाणबुडीला उजेड दिसेल म्हणून. त्याचा जास्त त्रास झाला म्हणायचे.

आफ्रिकेत सुदानला उतरून पुढे इरिट्रियात केरेनची लढाई. मार्च १९४१. इटालियन वर डोंगरावर, हे खाली दरीत, आणि ३/५ मराठाने (पाचव्या मराठा पलटणीची तिसरी बटालियन) रात्रीत पिनॅकल नावाचा सुळका घेतला. आजोबा म्हणायचे चढ आपल्या घाटासारखाच, फक्त एक झाड नाही आणि पाणी खालून पाठीवर न्यायचं. मेलेल्यांबद्दल विचारलं की उठून गोठ्यात जायचे.

नंतर इटली. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे ह्याच बटालियनचे, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, वय २२, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या तुकडीची माणसं शत्रूच्या मशीनगनने पाडली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून हातातली टॉमीगन नळीकडून धरून शत्रूच्या राहिलेल्या दोघांवर तुटून पडले. माणगावात पुतळा आहे, मुंबई-गोवा हायवेने जाणारे वडापावला थांबतात, किती जण बघायला जातात देव जाणे. त्या वाचकाने त्या पुतळ्यासमोर उभं राहून भाडोत्री म्हणून दाखवावं.

आजोबा सुखरूप आले. पण १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली, त्यात आजीच्या माहेरचे शेजारी होते. आजोबा म्हणायचे, लढाईत एवढे समुद्र ओलांडले आणि बोट बुडाली ती आपल्या दारात.

त्यांची ट्रंक अजून माळ्यावर आहे. आफ्रिका स्टार पदकाच्या रिबिनीला बुरशी लागलीय आणि डिस्चार्ज बुकची पानं पावसाने एकमेकांना चिकटलीत, ओढली तर फाटतात म्हणून हात लावत नाही. असे ओले कागद कसे सोडवायचे हे कुणा वाचकाला माहीत असेल तर तुमच्याच पेपरात कळवा, पुढचा पाऊस लागायच्या आत.

आपला,
एक वाचक, ता. माणगाव, जि. रायगड