पालकमंत्र्यांना खुले पत्र : आमच्या पांदणीचे काय झाले?

प्रति,
माननीय पालकमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

कारगिल विजयाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २६ जुलै २०२४ रोजी आपण शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला आणि माझ्या वावराकडे जाणाऱ्या पांदण रस्त्याचे खडीकरण दिवाळीपूर्वी करून देण्याचा शब्द व्यासपीठावरून दिला. दिवाळी होऊन गेली, दुसरा पावसाळा आला, आणि त्याच पांदणीत गेल्या आठवड्यात मी पडलो. कारगिल युद्धात द्रासमध्ये सुरुंगाने डावा पाय गुडघ्याखालून नेल्यानंतर पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात मिळालेल्या पायावर मी आजवर कास्तकारी केली. परंतु काळ्या मातीचा गारा त्या पायाला धरून बसला, की पाय जागेवर राहतो आणि माणूस तोंडघशी पडतो. खुंटाला जखम झाली आहे, पऱ्हाटीचे निंदण खोळंबले आहे. सेना पदक तेवढे भिंतीवर सुखरूप आहे.

चौकशी केली असता, हे काम रोजगार हमीच्या ६०:४० च्या (मजुरीवर साठ टक्के, साहित्यावर चाळीस टक्के खर्च) प्रमाणात बसत नाही, असे एका कार्यालयात सांगण्यात आले. दुसऱ्या टेबलावर माझ्याकडे अपंगत्वाचे नवे ऑनलाइन प्रमाणपत्र मागण्यात आले. एवढ्या वर्षांत पाय पुन्हा फुटला असावा अशी शासनाला शंका असल्यास मी तपासणीस हजर आहे.

आपल्या भाषणात ५२७ हुतात्म्यांचा उल्लेख होता. जखमींचा आकडा तेराशेच्या वर जातो, तो मात्र कोणी घेत नाही; हुतात्म्याच्या तसबिरीला हार घालून मोकळे होता येते, जखमी माणूस अर्ज घेऊन पुन्हा दारात येतो.

उन्हाळ्यात याच पांदणीवर मी गावातील पोरांना पहाटे भरतीसाठी पळवतो, आणि पावसाळ्यात ती डांबरी रस्त्यावर ट्रकांच्या कडेने धावतात. २०२२ पासून सैन्यात चार वर्षांची नोकरी आणि चौघांतला एकच कायम, असा हिशेब आहे; उरलेले तिघे परत याच गाऱ्यात आणि याच कापसाच्या भावात येणार. त्यांना आता कोणत्या तोंडाने पळा म्हणू? ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग विदर्भातून मुंबईपर्यंत पोहोचतो, आणि आमची जेमतेम दीड किलोमीटरची पांदण कोणत्याच प्रमाणात बसत नाही!

काम होणार नसेल, तर तसे जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने ग्रामपंचायतीला लेखी कळवावे. आम्ही लोकवर्गणी करून मुरूम टाकू. फीत कापायला मात्र कोणाला बोलावणार नाही.

आपला,
एक माजी सैनिक