शून्याच्या आगेमागे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

"चार बोटं बर्फ पडला की ब्रिटन ठप्प कसं होतं?" असं तू चिडून विचारलंस. बर्फ किती पडला यापेक्षा तो किती अंशाला पडला हे बघ. उणे पंधराचा बर्फ कोरडा, पिठासारखा. बुटाखाली करकरतो, पण पाय धरतो. तुमच्याकडे तो शून्याच्या आगेमागे पडतो. दुपारी पाणी, रात्री पुन्हा गोठण, आणि सकाळी रस्त्यावर काच. शिवाय असा हिवाळा काही वर्षांतून एकदाच येतो, त्यासाठी बर्फ सारणाऱ्या नांगरगाड्यांचा ताफा बारा महिने पोसणं कुठल्याच कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, परवडत नाही. १८ डिसेंबर २०१० ला लंडनचा हीथ्रो विमानतळ बंद पडला, तेव्हा उभ्या विमानांभोवतीचा बर्फ काढता काढता नाकी नऊ आले होते.

रस्त्यावर टाकतात ते तपकिरी खडेमीठ, त्यातलं बरंचसं चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं. नुसत्या गोठलेल्या दहिवराला चौरस मीटरला १० ग्रॅमच्या आसपास पुरतं, बर्फाचा इशारा असेल तर २० ते ४०. लोकांना वाटतं मीठ बर्फ वितळवतं. वीतभर बर्फ ते कसलं वितळवणार! खाली खारं पाणी होऊन बर्फ डांबराला चिकटू नये, एवढंच त्याचं काम, आणि तेही गाड्यांच्या चाकांनी कालवलं जाईल तेव्हाच. म्हणून वाहतूक नसलेली गल्ली मीठ टाकूनही निसरडी राहते. बर्फाआधी पाऊस आला तर सगळं वाहून जातं. उणे सात-आठच्या खाली मीठ फारच मंदावतं.

आता घराचं. पहिला दगा बॉयलर देणार, घर आणि नळाचं पाणी तापवणारा. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर कंडेन्सिंगच बसवावा लागतो. जळलेल्या वायूतल्या वाफेचं पाणी होतं, तासाला दोन लिटरपर्यंत, आणि ते प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून थेंबथेंब बाहेर जातं. भिंतीबाहेरची नळी बऱ्याच घरांत जेमतेम २१.५ मिलिमीटरची, तीही उघडी. थेंब वाहता वाहताच गोठतो, नळी तुंबते, पाणी मागे चढतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे ऐन थंडीत, आणि बॉयलरमध्ये काहीही बिघाड नसताना! बंद पडण्याआधी तो गुडगुड आवाज करतो, तेवढी खूण लक्षात ठेव.

नळी बहुधा कोपराशी, आडव्या भागात किंवा गटाराजवळच्या तोंडाशी गोठते. तिथे गरम पाण्याची रबरी पिशवी धर, किंवा कोमट पाणी हळूहळू ओत. उकळतं नको, नळी तडकते आणि खाली सांडलेल्या पाण्याची घसरगुंडी होते. मग रिसेट दाब. नळी उंचावर असेल तर शिडी लावू नकोस, प्लंबर बोलाव. कायमचा उपाय म्हणजे बाहेरची नळी ३२ मिलिमीटरची, कमीत कमी लांबीची, चांगल्या उताराची आणि पाणी न शोषणाऱ्या आवरणात गुंडाळलेली.

दुसरी जागा माळा. माळ्याच्या जमिनीवर ऊब अडवणारी जाड लोकर अंथरली की खालची ऊब खालीच राहते आणि वरचे पाइप गारठतात. बर्फ पाण्यापेक्षा नऊ टक्के जास्त जागा घेतो. गोठलेला बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेलं पाणी पाइप फाडतं. पण गळती दिसते ती वितळल्यावर. मार्च २०१८ मध्ये बर्फ सरला आणि मग ठिकठिकाणी पाइप गळायला लागले; दोन लाखांहून जास्त ग्राहकांचं पाणी चार तासांपेक्षा जास्त वेळ गेलं होतं. तेव्हा घर सोडून जाणार असलास तरी हीटिंग मंद चालू ठेव आणि माळ्याचं झाकण उघडं टाक. पाइप गोठलाच तर आधी स्टॉपकॉक (घरात येणारं पाणी बंद करायचा मुख्य कॉक) बंद, मग नळ उघडा, आणि नळाच्या बाजूने मागे मागे शेकत जा. ज्योत अजिबात नको.

दारासमोरची वाट सकाळीच झाड, पायाखाली दबण्याआधी. गरम पाणी टाकलंस तर तासाभरात काच तयार. चौरस मीटरला टेबलस्पूनभर मीठ संध्याकाळी टाक. मीठ संपलं तर राख किंवा वाळू, ती वितळवत नाही पण पाय धरते. "झाडलं आणि कोणी पडलं तर खटला होतो" ही भीती तिथे घरोघरी आहे. सरकारचाच सल्ला आहे की नीट काळजीने साफ केलंत तर तसं होणं फार अवघड.

गाडीचं थोडक्यात. टपावरचा बर्फ आधी उतरव, नाहीतर ब्रेक मारताच काचेवर येतो. दुसऱ्या गिअरमध्ये उचल, पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दहापट. अडकलास आणि इंजिन चालू ठेवायचं असेल तर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं नाही ना, हे उतरून बघ; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि तो स्टॉपकॉक, बहुतेक स्वयंपाकघरातल्या सिंकखाली असेल, आजच फिरवून बघ. वर्षानुवर्षं हात न लावलेला असला तर जाम झालेला असतो. पूर्ण उघडून मग पाव फेरा मागे आण, म्हणजे पुन्हा अडकणार नाही. फिरला नाहीच तर प्लंबर या आठवड्यात मिळेल. बर्फ पडल्यावर रांगेत तुझा नंबर कितवा लागेल कोण जाणे.

तुझा,
अविनाश