अपडेटनंतर जुन्या फाइलमधील विंगलेटची भूमिती न कळवता बदलल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

महोदय/महोदया,

मी पुण्यात सर्वेक्षणासाठीच्या पंखवाल्या ड्रोनचं डिझाइन करतो. काम एकट्याचं आहे आणि घर त्यावरच चालतं. आपल्या पॅरामेट्रिक (रकान्यांत भरलेल्या आकड्यांवरून आकार घडवणाऱ्या) भूमिती सॉफ्टवेअरच्या परवान्याचे पैसे मी दरवर्षी मुदतीत भरत आलो आहे.

आपल्या ताज्या अपडेटनंतर मी एक जुनं मॉडेल उघडलं. त्यात पंखाच्या टोकाला ७५ अंश डायहेड्रलचा, म्हणजे आडव्यापासून ७५ अंश वर वळलेला, विंगलेट (छोटा उभा पंख) आहे. त्याच्या मुळाशी कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) १५० मिमी आणि एअरफॉइलची (पंखाच्या छेदाच्या आकाराची) जाडी कॉर्डच्या १० टक्के, म्हणजे तिथे १५ मिमी जाडी मिळायला हवी. फाइल उघडताना कसलीही सूचना आली नाही. रकान्यांतले सगळे आकडे जसेच्या तसे होते आणि बाजूने पाहिलं तर आकारही तोच. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये त्यावरून मोल्ड (साचा) कापला गेला. पहिला विंगलेट हातात आल्यावर व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला, तर जाडी ४ मिमीसुद्धा भरेना. आत ६ मिमीची कार्बनची नळी बसवायची होती, ती शिरणार कुठे?

कारण मी शोधून काढलं आहे. आधीच्या आवृत्तीत पंख वर वळला की एअरफॉइलचा छेदही त्याच्याबरोबर वळायचा आणि पृष्ठभागाशी काटकोनात राहायचा. नव्या आवृत्तीत ही गोष्ट आपण ऐच्छिक केली, आणि जुनी फाइल उघडली की तो पर्याय बंदच असतो. मग छेद सरळ उभा राहतो आणि पृष्ठभागाला लंब अशी जाडी ७५ अंशांच्या कोसाइनच्या पटीत घटते. १५ गुणिले ०.२६, म्हणजे जेमतेम ३.९ मिमी. व्हर्नियरवर नेमकं तेच दिसलं.

जाडीची चूक निदान हातात धरून मोजता आली. टो कोनाचं, म्हणजे विंगलेट उड्डाणाच्या दिशेशी किती तिरका आहे त्याचं, तसं नाही, आणि मला जास्त चीड त्याची आहे. तो ठरवणाऱ्या ट्विस्टच्या (पिळाच्या) रकान्यात २ अंश लिहिलेले आहेत. पण छेद वळलेला नसल्यामुळे विंगलेटच्या पृष्ठभागावर त्यातला सुमारे अर्धा अंशच लागू होतो. वायुगतिकीतले अभियंते रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी नासाच्या लँगली केंद्रातून १९७६ मध्ये विंगलेटवरचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचा भर याच गोष्टीवर होता की हे टोकाला लावलेलं साधं उभं पान नाही, मुख्य पंखाइतक्याच काळजीने घडवलेला छोटा पंख आहे. त्यांच्या चाचणीत इंड्यूस्ड ड्रॅग (पंख उचल देताना होणारा हवेचा विरोध) सुमारे २० टक्क्यांनी कमी झाला, तो विंगलेटचा कोन, कॅम्बर (छेदाचा बाक) आणि जागा बारकाईने ठरवल्यामुळे. इथे कॅम्बरही जाडीबरोबरच चपटा झाला आहे. अशा विंगलेटने फायदा होणं दूरच, वजन आणि घर्षणाचा ड्रॅग तेवढा वाढतो.

मी हे सगळं चित्रांसह आपल्या मदत विभागाला कळवलं. उत्तर आलं की ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. ड्रायव्हरचा इथे संबंधच नव्हता. बाहेर काढलेल्या स्टेप फाइलमध्येही (इतर सॉफ्टवेअरना देण्यासाठीच्या त्रिमितीय आकाराच्या फाइलमध्ये) जाडी तितकीच कमी होती, हे मी आधीच लिहिलं होतं. त्यानंतर ‘सॉफ्टवेअर अपेक्षेप्रमाणे चालत आहे’ असा शेरा मारून तक्रार बंद केली गेली.

नवा पर्याय देण्याला माझा विरोध नाही. कमी डायहेड्रलच्या पंखाला छेद उभा ठेवणं सोयीचं असतं, हे मलाही मान्य आहे. पण जतन केलेल्या फाइलमधल्या आकड्याचा अर्थ परस्पर बदलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? नासाने २०१२ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं ओपनव्हीएसपी हे विमानाच्या भूमितीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि छेद डायहेड्रलप्रमाणे वळवायची सोय त्यातही आहे. तरीही मी आपल्याला पैसे मोजतो, ते माझं जुनं काम पुढेही जसंच्या तसं उघडेल या भरवशावर.

म्हणून जुन्या फाइली जुन्याच अर्थाने उघडतील अशी दुरुस्ती तातडीने द्यावी आणि ती येईपर्यंत आधीची आवृत्ती पुन्हा उतरवून घेता यावी. वाया गेलेल्या मोल्डचा खर्च भरून द्यावा. वर्कशॉपचं बिल आणि दोन्ही आवृत्त्यांतल्या फाइली सोबत जोडल्या आहेत. शिवाय या बदलाची माहिती सर्व परवानाधारकांना लेखी कळवावी. कुणाच्या तरी मॉडेलमध्ये आज हीच चूक असेल आणि त्याने अजून व्हर्नियर लावला नसेल.

हा परवाना मी स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी वापरतो, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी ग्राहक ठरतो. तीस दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक
पुणे