मायकाच्या दोन चकत्या

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

दुकानात आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही हात झटकता आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा मिक्सर उघडायला घेता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात मी स्वतः जोडलेला पॉवर सप्लाय, म्हणजे एक पत्र्याची पेटी, घेऊन तुमच्या दुरुस्तीच्या दुकानात आले होते. ऑप-अँपचे (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीचे) प्रयोग करायला मला अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्टेज हवे होते. तोवर नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून, मधल्या सांध्याला ग्राउंड धरून भागवत होते. पण दोन्ही बॅटऱ्या कधी सारख्या उतरत नाहीत. एक साडेआठवर असायची, दुसरी सातवर, आणि मग सर्किट चुकतंय की बॅटरी, तेच कळायचं नाही. शेवटी पुण्याला गेले तेव्हा तापकीर गल्लीतून १५-०-१५चा (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना १५ व्होल्ट देणारा) एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज, ३५ व्होल्टचे कपॅसिटर, आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे दोन रेग्युलेटर आयसी, अधिक बाजूला एलएम ३१७ आणि उणे बाजूला एलएम ३३७, असा सगळा बाजार करून आले.

हिशेब मी नीट केला होता. १५ व्होल्ट एसीचं शिखर २१च्या जरा वर जातं, डायोडमध्ये थोडं कमी होतं, म्हणजे रेग्युलेटरपाशी साधारण २० व्होल्ट. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांमध्ये रेग्युलेटर कायम सव्वा व्होल्ट राखतो. तिथे २४० ओहमचा रेझिस्टर आणि खाली पाच किलोओहमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) लावला की सव्वा व्होल्टपासून वर हवं तिथे थांबता येतं. दोघांच्या पायांचा क्रम वेगळा, ३१७चा मधला पाय आउटपुट आणि ३३७चा मधला पाय इनपुट, हेही मला ठाऊक होतं. टेबलावर सुट्या सुट्या दोन्ही बाजू चोख चालल्या. पेटीत बसवलं आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही गेला. अधिक बाजूच्या आउटपुटचा कपॅसिटर फुगून वर आला. चार रात्री मी एकेक तार बोटाने चाचपत पुन्हा पाहिली. एकही चुकलेली नव्हती. एका दुकानात विचारलं, तर पेटी न उघडताच "तयार सप्लाय घेऊन टाका" असं उत्तर मिळालं.

तुम्ही पेटी उघडलीत आणि सगळ्यात आधी बघितलंत ते अर्थिंग. मी दोन पिनांचा प्लग लावला होता. "ताई, ही तार लागल्याशिवाय मी हिला करंट देणार नाही," म्हणालात. मग तीन पिनांचा प्लग आणि हिरवी तार माझ्याच हातात दिलीत. पेटीचा रंग नाण्याएवढा खरवडून, चकचकीत पत्रा दिसल्यावर तिथे नट आवळायला लावलात. त्या वेळी मला घाई झाली होती. २३० व्होल्टची तार कधी सुटून पत्र्याला टेकली असती तर काय झालं असतं, हे मला घरी गेल्यावर सुचलं आणि अंगावर काटा आला.

नंतर पेटी सिरीज बोर्डावर लावलीत, म्हणजे करंट बल्बमधून पेटीत जाणार आणि आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटत राहणार. ६० वॅटचा बल्ब पिवळा पेटला आणि पेटलेलाच राहिला. तुम्ही काही बोलला नाहीत. बटण बंद केलंत, हीटसिंकवरचा (आयसीची उष्णता ओढून घेणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवरचा) एक स्क्रू सोडवून ३३७ची पाठ अ‍ॅल्युमिनियमपासून उचललीत, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवलात आणि पुन्हा बटण दाबलंत. बल्ब क्षणभर चमकला आणि विझला.

"आता सांगा, काय झालं?"

मला सांगता येईना. तेव्हा तुम्ही मीटर माझ्याकडे सरकवलात. एक टोक ३१७च्या पाठीला, दुसरं त्याच्या एकेका पायाला. आउटपुटच्या पायाला मीटरचा बझर वाजला, म्हणजे पाठ आणि तो पाय आतून जोडलेले. मग तेच ३३७ला केलं, तर तिथे बझर इनपुटच्या पायाला वाजला. दोन वेळा टोकं लावून पाहिली तेव्हा डोक्यात उजेड पडला. एकाची पाठ म्हणजे आउटपुट, दुसऱ्याची पाठ म्हणजे उणे २० व्होल्ट, आणि मी दोघांना एकाच अ‍ॅल्युमिनियमवर पाठीला पाठ लावून आवळलं होतं. चूक तारेत नव्हतीच, ती स्क्रूमध्ये होती. टेबलावर दोघं सुटे होते म्हणून चालले.

काका, हे तुम्हाला झाकण उघडताक्षणी दिसलं असणार. एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. बाकावर तीन माणसं खोळंबली होती, एकाचा पंखा तर तुमच्या हातात होता. तरी अर्धा तास तुम्ही मला मीटर लावू दिलात. माझे आभार आहेत ते त्या अर्ध्या तासाचे.

मग तुम्ही बामची जुनी डबी काढलीत. आत भंगारात निघालेल्या टीव्हींमधून जपून ठेवलेल्या मायकाच्या, म्हणजे अभ्रकाच्या, चकत्या; उष्णता जाऊ देतात, करंट अडवतात. नखाएवढ्या, पिवळसर, उजेडाला धरल्या की पलीकडचं दिसणाऱ्या. त्यावर पांढरी पेस्ट अगदी पुसल्यासारखी लावायची, जाड थापायची नाही, आणि स्क्रूच्या भोकात प्लास्टिकचं बुश घालायचं, नाहीतर मायका लावूनही स्क्रूमधून शॉर्ट होतोच. दोन्ही आयसींना लावलं, फुगलेला कपॅसिटर बदलला, मीटर पुन्हा लावला. बझर गप्प.

उणे बाजूचं रीडिंग मात्र थरथरत होतं. आयसीच्या आधी २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहेच, मग पुढे कशाला, असं म्हणून मी ३३७च्या आउटपुटवरचा कपॅसिटर गाळला होता. "मागं कितीबी मोठा असू दे, ३३७ला पुढं लागतोच," म्हणत तुम्ही १० मायक्रोफॅरडचा एक दिलात आणि आकडा जागच्या जागी थांबला. आजही ते वाक्य माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

एका गोष्टीत मी तुमचं ऐकलं नाही. दोन्ही बाजू बरोबर फिराव्यात म्हणून एकच जोडपॉट (एका दांड्यावर फिरणारे दोन पॉट) लाव म्हणत होतात. मी दोन वेगळे ठेवले, कारण कधी कधी मला अधिक १२ आणि उणे ५ लागतात. अजूनही मला तेच बरोबर वाटतं. उष्णतेचं मात्र शंभर टक्के ऐकलं. २० व्होल्टमधून ५ काढून एक अँपिअर घेतला तर १५ वॅट नुसते हीटसिंकमध्ये जातात, आणि एवढ्याशा पट्टीला ते झेपत नाहीत. कमी व्होल्टला मी अर्ध्या अँपिअरच्या वर जात नाही.

त्या दिवशी तुम्ही माझ्याकडून प्लग आणि कपॅसिटरचेच पैसे घेतलेत. मायकाचे विचारले तर डबी बंद करून खणात टाकलीत.

पेटी रोज चालते. बॅटऱ्या मी विकत घेणं बंद केलं आहे. येत्या दसऱ्याला मीटरशेजारी ती पूजेत मांडणार आहे, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला दाखवायला घेऊन येणार आहे. इतके महिने नीट चाललेली असली तरी तुम्ही तिला आधी सिरीज बोर्डावरच लावाल, हे मला माहीत आहे. जरूर लावा.

तुमची,
पत्र्याच्या पेटीवाली ताई
सातारा