नाथसागराचे पाणीही गाळून पाहा

संपादक महोदय,

खाडीतले पाणी बाटलीत भरून त्यावरून तिथल्या प्राण्यांची हजेरी घेण्याच्या पद्धतीविषयी आपल्या अंकात वाचले. मराठवाड्याला ना समुद्र, ना खाडी. तरी पैठणच्या नाथसागरातून (जायकवाडी धरणाच्या जलाशयातून) सुटलेले गोदावरीचे पाणी (पोचलेच तर!) आंध्रात कोरिंगाच्या खारफुटीजवळच समुद्राला मिळते, म्हणून हे चार शब्द.

पाण्यात वावरणारा प्रत्येक जीव खवले, बुळबुळ, विष्ठा मागे सोडतो आणि त्यासोबत त्याचा डीएनएही. लिटर-दोन लिटर पाणी अतिबारीक गाळणीतून काढायचे आणि गाळणीवर राहिलेला अंश प्रयोगशाळेत तपासायचा. २००८ मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांत बाहेरून आलेला अमेरिकी बेडूक असाच ओळखला गेला. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणुजीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओडिशातल्या चिलिका सरोवराचे पाणी तपासले आहे. चिलिकाही खाडीसारखेच, गोड्या-खाऱ्या पाण्याच्या संगमाचे. आणि हैदराबाद आम्हाला मुंबईपेक्षा परके नाही.

खाडीत भरती-ओहोटीमुळे नदीकडचा डीएनए समुद्राकडे आणि समुद्राकडचा नदीकडे जातो. नमुना कोणत्या वेळी घेतला यावर उत्तर बदलते. आमच्याकडे भरती नाही, पण मासळीबाजार आहे. सुरमई कापून धुतलेले पाणी नाल्यातून नदीत गेले, तर उद्या अहवालात गोदावरीत सुरमई निघायची! म्हणून नमुना कुठून घ्यायचा हे आधी नदीकाठच्या माणसाला विचारावे. शिवाय मासे किती, लहान की मोठे, जिवंत की मेलेले, हे या तपासणीतून नीट कळत नाही. त्यासाठी जाळेच टाकावे लागते.

मग नाथसागरावर ही पाण्याची तपासणी कशाला? जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले की दुर्बिणी घेऊन काठावर गर्दी होते. पाण्याखाली काय आहे, याची चौकशी मात्र बहुधा मासळीच्या भावापुरतीच. बंदी असलेला थाई मांगूर हा परका मासा किंवा शोभेच्या टाकीतून सोडून दिलेला सकर मासा जाळ्यात येईपर्यंत थांबले, की उशीर झालेला असतो. संख्या थोडी असतानाच चाहूल लागावी, यासाठी पाण्याच्या तपासणीचा खरा उपयोग.

विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग आणि मत्स्यव्यवसाय खाते यांनी मिळून वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात पाणी खाली गेल्यावर, नमुने घ्यावेत. डीएनए जुळवून पाहायला स्थानिक माशांच्या खात्रीच्या नोंदी लागतात. त्या नसतील तर यंत्र गप्प बसते. त्या नोंदींसाठी मरळ, वांब हातात आणून देणारे भोई बांधव सोबत हवेत, आणि त्यांना त्या दिवसाची मजुरीही मिळावी. नुसता चहा पाजून परत पाठवू नये.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, पैठण